कोर्सआधी वसुली

नाशिकहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यातलं कामापुरतं इथे देते.

‘मी अकरा वर्षं घरून इंग्रजी-मराठी भाषांतर करते. सत्तर टक्के काम बंगळुरूच्या एकाच एजन्सीकडून येतं. शब्दाला १ रुपया २० पैसे मिळायचे. आता “मशिनने केलेलं फक्त तपासायचं” म्हणून ४० पैसे सांगतात. महिन्याला चाळीस-बेचाळीस हजार व्हायचे, गेल्या वर्षापासून पंचवीसच्या वर जात नाहीत. एजन्सीकडे १ लाख ३८ हजार थकलेत, सगळ्यात जुनं बिल सात महिन्यांचं. बिलातून १० टक्के टीडीएस कापतात. दोन वर्षं रिटर्न भरलेलं नाही, कारण कर लागण्याइतकं उत्पन्नच नाही. मिस्टर सातपूरच्या कंपनीत आहेत, त्यांचा ओव्हरटाइम बंद झालाय. घराचा हप्ता १८,४०० आहे. इन्स्टाग्रामवर एआय शिकून फ्रीलान्सिंग करण्याचा एक कोर्स दिसतोय, फी ४९,९९९ रुपये. एका शाळेत ऑफिसचं काम मिळतंय, पगार १६ हजार. कोर्स करू, नोकरी धरू की ४० पैसे मान्य करू? सासूबाई म्हणतात, घरीच तर असतेस, तुला कसली चिंता.’

नमस्कार ताई,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. तिन्हींकडे येते, पण पत्र वाचताना मी अडकले ते भलत्याच दोन वाक्यांवर. एक थकलेल्या बिलांचं, दुसरं रिटर्नचं. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, मला मात्र सगळं पत्र त्या दोन वाक्यांतच दिसलं.

आधी रिटर्न. तुम्हाला कर लागत नाही, म्हणूनच तुम्ही रिटर्न भरायला हवं. एजन्सी तुमच्या बिलातून दहा टक्के कापते, ते तुमच्या नावावर सरकारकडे जमा होतात. तुमच्या उत्पन्नावर नवीन करप्रणालीत कर शून्य येतो, म्हणजे कापलेला पैसा सगळाच्या सगळा परत मिळायला हवा. पण तो मागितल्याशिवाय येत नाही, आणि मागणं म्हणजेच रिटर्न भरणं. तुमच्याच आकड्यांवरून हिशेब केला. चांगल्या वर्षी एजन्सीचं काम साडेतीन लाखांच्या आसपास झालं असेल, उतरत्या वर्षी दोन-सव्वादोन लाखांचं. दोन्हींचे दहा टक्के मिळून पन्नास-पंचावन्न हजार होतात. त्या कोर्सची फी भरूनही चार पैसे उरतील एवढी तुमची स्वतःची रक्कम आयकर खात्याकडे पडून आहे.

आयकराच्या पोर्टलवर जाऊन फॉर्म २६एएस उघडा. एजन्सीने कापलेले पैसे खरंच भरलेत का, हे तिथे दिसेल. भरले नसतील, तर तो वेगळा आणि जास्त गंभीर विषय आहे, एजन्सीला लगेच लेखी विचारा. भरले असतील, तर एखाद्या सीएकडे जा. साध्या रिटर्नसाठी ते फार पैसे घेत नाहीत. मागच्या वर्षाचं उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. ती तारीख उलटलेल्या वर्षासाठी मात्र विलंबमाफीचा अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो आणि उत्तर ‘हो’च येईल अशी खात्री नसते, तरी तो करा. यापुढे रिटर्नची मुदत चुकवू नका.

आता १ लाख ३८ हजार. तुमच्या आजच्या कमाईच्या हिशेबाने ही साडेपाच महिन्यांची रक्कम आहे. काम कमी झाल्याची काळजी तुम्ही चार पानं लिहिलीत, आणि केलेल्या कामाचे पैसे येत नाहीत याला दीड ओळ. आपल्याकडे हे फार होतं. हाताने काम करणारी माणसं पैसे मागताना खजील होतात. विशेषतः बायका, आणि त्यातही घरून काम करणाऱ्या. ‘आठवण करून दिली तर पुढचं काम देणार नाहीत’ ही भीती असते. मी बरीच वर्षं एका एजन्सीत कामं वाटायच्या खुर्चीवर बसलेले आहे, त्यामुळे आतून कसं चालतं ते सांगते. तुम्हाला फाइल पाठवणारा पीएम, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर, आणि तुमचं बिल पास करणारा अकाउंट्सवाला ही वेगळी माणसं. पीएमला तुमची बिलं थकल्याचं बहुतेक वेळा माहीतही नसतं. त्याला फक्त दोन गोष्टींची धास्ती असते, फाइल वेळेत येईल ना, आणि क्लायंटकडून तक्रार येणार नाही ना. तुम्ही पैशाचा तगादा लावता म्हणून चांगली भाषांतरकार कोणी सोडत नाही. सोडत असेल, तर ती एजन्सी आधीच बुडत चाललेली आहे आणि तिथून तुम्ही जितक्या लवकर निघाल तितकं बरं. आणि महिनाअखेरीला अकाउंट्सच्या टेबलावर पैसे अपुरे असले, की आधी कोणाला द्यायचे? जो फोन करतो त्याला. गप्प बसणाऱ्याचं बिल पुढच्या महिन्यात जातं, मग त्याच्या पुढच्या.

कायदा तुमच्या बाजूने आहे, पण त्यासाठी एक नोंदणी लागते. तिचं नाव उद्यम. भाषांतर ही सेवा आहे आणि घरून एकटीने सेवा देणारी बाईसुद्धा कायद्याच्या भाषेत सूक्ष्म उद्योग असते. आधार आणि पॅन एवढ्यावर सरकारी पोर्टलवर नोंदणी होते, पैसे लागत नाहीत. (गूगलवर शोधलंत तर सरकारीसारख्या दिसणाऱ्या, फी मागणाऱ्या खासगी साइट वर येतात. पत्त्यात शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का बघूनच पुढे जा.) २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारात ९० दिवस लिहिलेले असले तरी ४५ च. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. दाद मागण्यासाठी सरकारने २०१७ मध्ये ‘समाधान’ नावाचं पोर्टल सुरू केलं. तक्रार पुरवठादार जिथे राहतो तिथल्या, अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे जाते, खरेदीदार देशात कुठेही असो. म्हणजे तुम्हाला बंगळुरूला खेटे घालायला नकोत. निकाल ९० दिवसांत द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात. पण बऱ्याचदा तक्रारीपर्यंत जावंच लागत नाही. पत्रात नोंदणी क्रमांक आणि कायद्याचं नाव दिसलं, की चेक निघतो.

त्यामागे आणखी एक कारण आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात एक तरतूद आली, ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत दाखवता येत नाही. म्हणजे तुमचं बिल अडवलं की त्यांचा कर वाढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपन्यांचे सीएच ही यादी काढून बसतात. त्या यादीत तुमचं नाव यायचं, तर तुमचा उद्यम क्रमांक त्यांच्याकडे असला पाहिजे आणि बिलावर छापलेला असला पाहिजे.

नोंदणीच्या आधी केलेल्या कामाला या कायद्याचं संरक्षण मिळेलच असं नाही. त्यावर कोर्टात बराच काथ्याकूट झालेला आहे. म्हणून जुन्या १ लाख ३८ हजारांसाठी मागणीपत्र आणि फोन हाच मार्ग धरा. गरज पडली तर वकिलाची नोटीस. नोंदणी मात्र या आठवड्यातच करा.

आणि तोपर्यंत त्या एजन्सीची नवी फाइल उघडायची की नाही? माझं मत कडक आहे. ज्यांच्याकडे एवढे पैसे अडकलेत त्यांच्यासाठी आणखी काम करणं म्हणजे त्यांना बिनव्याजी कर्ज देणं. एकदम संबंध तोडू नका, पण मर्यादा घाला. ४५ दिवसांच्या वरचं येणं एका महिन्याच्या कामाइतकं झालं, की नवीन फाइल बंद. हे पीएमला शांतपणे सांगता येतं. तोच तुमच्या वतीने अकाउंट्सकडे भांडायला जाईल, कारण त्याला डेडलाइन आहे. आणि पीओ, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, हातात आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. ‘पीओ नंतर पाठवतो, तुम्ही सुरू करा’ हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल.

आता ४० पैसे. मशिनचं भाषांतर तपासून दुरुस्त करण्याच्या या कामाबद्दल, म्हणजे पोस्ट-एडिटिंगबद्दल, भाषांतरकारांच्या ग्रुपवर नुसता संताप असतो. तो मला समजतो, पण संतापाने हिशेब होत नाही. मशीन परत जाणार नाही. गूगलने मराठीसह नऊ भारतीय भाषांसाठी न्यूरल भाषांतर आणलं ते २०१७ मध्ये, भारत सरकारची भाषांतरसेवा ‘भाषिणी’ २०२२ मध्ये आली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी चॅटजीपीटी. एजन्सीने दर उतरवले त्याचं कारण तुमचं मराठी बिघडलं हे नाही. मग प्रश्न एवढाच उरतो, की ४० पैशांत तुमच्या एका तासाला किती मिळतात.

तुम्ही ताशी साधारण २८० शब्द भाषांतर करत असाल असं धरते. १.२० च्या दराने तासाला ३३६ रुपये झाले. ४० पैशांत तेवढेच मिळवायला तासाला ८४० शब्द तपासावे लागतील. हे शक्य आहे का? मजकुरावर आहे. शॉपिंग ॲपचे ‘कार्टमध्ये जोडा’, ‘पत्ता बदला’ छाप तुकडे असतील तर शक्य आहे, उलट जास्तही होतील. विमा पॉलिसीच्या अटी असतील तर नाही. तिथे मशीन अशी काही वाक्यं करून ठेवतं, की दुरुस्त करण्यापेक्षा पुसून नव्याने लिहिणं सोपं. तू-तुम्ही-आपण एकाच परिच्छेदात फिरतात, लिंग चुकतं, आणि मराठी शब्दांतून हिंदी डोकावत राहतं. हे तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा घड्याळ लावून मोजा. तीन वेगळ्या प्रकारच्या फाइली घ्या, प्रत्येकीवर एक तास काम करा, शब्द लिहून ठेवा. मग एजन्सीला एक दर न सांगता तीन सांगा. सोप्या तुकड्यांना शब्दावर, मधल्या मजकुराला त्याहून जास्त, आणि कायदा-वैद्यकीय-विमा या गोष्टींना तासावर. ‘आधी नमुना पाठवा, आउटपुट बघून दर सांगते’ हे म्हणायची सवय करा. हातात मोजलेले आकडे असले की बोलणं वेगळं होतं. ‘परवडत नाही हो’ हे सगळेच म्हणतात. ‘या प्रकारच्या मजकुराला मला ताशी ४५० शब्दच होतात, म्हणून ७५ पैसे’ असं म्हणणारी क्वचित भेटते, आणि तिच्याशी पीएम घासाघीस कमी करतो. त्यालाही वर उत्तर द्यायला काहीतरी हवं असतं.

एक सावधगिरी. स्वतःचं काम लवकर व्हावं म्हणून क्लायंटची फाइल फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकू नका. तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असणार. एआय वापराच, पण कुठल्या कामाला आणि कुठल्या अटींवर वापरताय हे क्लायंटला माहीत असू द्या.

पण मोठा धोका ४० पैशांत नाही. तो सत्तर टक्क्यांत आहे. एकाच ठिकाणाहून एवढं काम येत असेल, तर तुमच्याकडे नोकरीची सगळी बंधनं आहेत आणि पगाराची हमी नाही. कुठलाही एक क्लायंट एकूण कमाईच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ नये असं मी धरते. हे महिन्यात होणार नाही, वर्ष लागेल. त्यासाठी नव्या एजन्स्या शोधायच्या असतील, तर आधी प्रोझ या भाषांतरकारांच्या वेबसाइटवरच्या ब्लू बोर्डवर त्यांचा पैसे देण्याचा इतिहास बघा आणि मगच टेस्ट द्या. पण खरं सांगायचं तर आणखी तीन एजन्स्या म्हणजे आणखी तीन ठिकाणी तेच ४० पैसे. तुम्ही थेट गिऱ्हाईक बघा.

आणि नाशिकमध्ये बसून ते बघणं अवघड नाही. तुम्ही इंग्रजीतून मराठीत करता. उलटा रस्ता कधी बघितलात का? आपल्या जिल्हा न्यायालयांत मराठीत काम चालतं, पण प्रकरण उच्च न्यायालयात गेलं की मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. साक्षी, पंचनामे, खरेदीखतं, सातबारे, फेरफार. शिवाय अमेरिकेत-इंग्लंडात-आखातात गेलेली आपली मुलं. वडिलोपार्जित जमिनीचे कागद हातात येतात तेव्हा ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणजे काय हे त्यांना कळत नाही, आणि त्यांच्या तिथल्या वकिलाला तर नाहीच नाही. मशीन इथे धडपडतं, कारण अशा कागदांची मराठी ना बोलीतली ना पुस्तकातली. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश उघडून बसणारं माणूसच लागतं. त्यातही एखादा जुना कागद मोडीत निघतो. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं, तेव्हा मोडी वाचणारे कुठे मिळतील याची जिल्ह्याजिल्ह्यांत शोधाशोध चालली होती. १९५० च्या सुमारास वापरातून गेलेली लिपी, आणि एकाएकी तिला मागणी! कुठल्याही ‘भविष्यातली दहा कौशल्यं’ छाप यादीत मोडी नव्हती. तुम्ही मोडीच शिका असं माझं म्हणणं नाही. पण काही शिकायचंच असेल, तर एआयच्या कोर्सपेक्षा मी त्या वर्गाला आधी नाव घालीन.

इंग्रजीतून मराठीतही थेट काम आहे, आणि त्यातलं बरंचसं नियमांमुळे आहे, हौसेमुळे नाही. मंदी आली की जाहिरातींचं काम आधी आटतं. नियमाने करावं लागणारं काम सहसा आटत नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जदाराला त्याला समजेल अशा भाषेत कर्जाचं मुख्य माहितीपत्रक द्यायला लावलंय. आरोग्य विम्याचं ग्राहक माहितीपत्रक मागितल्यास स्थानिक भाषेत द्यावं लागतं, हे २०२४ च्या जानेवारीपासून. औषधांच्या चाचण्यांत रुग्णाची संमती त्याला समजणाऱ्या भाषेतच घ्यावी लागते, आणि तिथे मराठीतून परत इंग्रजीत करून पडताळण्याचं कामही निघतं. कीटकनाशकाच्या डब्यातल्या घडीपत्रकावर प्रादेशिक भाषा लागते. तुमच्या जिल्ह्यात द्राक्षं, कांदा आणि डाळिंब आहेत, म्हणजे औषधं, खतं आणि ठिबकच्या कंपन्यांची माणसं तुमच्या गल्लीतून रोज जात असतील. त्यांची मराठी पत्रकं एकदा वाचून बघा. शेतकऱ्याच्या जिवाशी संबंध असलेला मजकूर, आणि वाक्य कळत नाही!

गिऱ्हाइकाकडे जाताना बायोडेटा घेऊन जाऊ नका, कोणी वाचत नाही. त्यांच्याच पत्रकातला एक परिच्छेद घ्या, चुका दाखवा आणि बाजूला तुमचा मजकूर ठेवा. एका पानाचं काम आहे. आठवड्याला दोन ठिकाणी पाठवा, वकील, हॉस्पिटल, पतसंस्था, कंपनी. बहुतेकांचं उत्तर येणार नाही. थेट गिऱ्हाइकाला शब्दाचा दर सांगू नका, त्यांना तो कळत नाही आणि ‘शब्दाला पैसे?’ म्हणून हसू येतं. पानावर किंवा एकूण कामावर सांगा. निम्मे आगाऊ. वकिलांकडून तर नक्कीच आगाऊ, त्यांच्याकडून नंतर वसूल करायला वकील लागतो.

हल्ली मराठीसाठी एआय कंपन्यांचं तपासणीचं कामही येतं, उत्तरं वाचून गुण द्यायचे, चुका दाखवायच्या. पैसे बरे मिळतात, कधी डॉलरमध्ये. घ्या. पण एका सकाळी ‘प्रोजेक्ट पॉज्ड’ असा मेल येतो आणि सगळं थांबतं, तेव्हा त्या पैशावर हप्ता ठेवू नका.

हप्त्यावरून घरखर्चाकडे येते. तुम्ही कांद्याच्या जिल्ह्यातल्या. भाव पडलेला असताना सगळा माल बाजारात नेणारा आणि कांदाचाळीत ठेवून थोडा थोडा काढणारा यांतला फरक तुम्हाला माहीत आहे. पैशाचीही तशी चाळ लागते, आणि पैसा सडत नाही ही त्यातली सोय. दोन बँक खाती ठेवा. कामाचे सगळे पैसे एकात येऊ द्या. त्यातून दर एक तारखेला ठरलेली रक्कम घरच्या खात्यात, हा तुमचा पगार. किती ठेवायचा? गेल्या दोन वर्षांचं पासबुक काढा, त्यातले सगळ्यात वाईट सहा महिने निवडा आणि त्यांची सरासरी घ्या. तुमच्या बाबतीत ती वीस हजारांच्या आसपास येईल. एखाद्या महिन्यात चाळीस आले, तरी घरात वीसच जातील. वरचे तिथेच राहतील. वसुलीचे आणि रिफंडचे पैसे आले की तेही या पहिल्या खात्यातच, आणि त्यांना घराच्या सहा हप्त्यांएवढे होईपर्यंत हात लावायचा नाही. त्या रकमेला नाव द्यायचं तर देऊ नका, नुसती ठेवा. नाव दिलेला पैसा लवकर खर्च होतो असा माझा अनुभव आहे.

मिस्टरांच्या कंपनीचा मेडिक्लेम असेल, तर तो नोकरीबरोबर जातो. ओव्हरटाइम बंद झालाय म्हटल्यावर घरची स्वतंत्र पॉलिसी काढायचा विचार आत्ताच करा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये शून्य झालाय. जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा पॉलिसी घेतल्यापासून मोजतात. गरज पडल्यावर काढलेल्या पॉलिसीचा तेव्हा उपयोग होत नाही.

कोर्सचं उत्तर एव्हाना तुम्हाला कळलं असेल. नको. फी जास्त आहे म्हणून नको असं नाही, तो कुठलं गिऱ्हाईक आणून देणार हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही म्हणून नको. जाहिरातीत स्क्रीनशॉट कमाईचे असतात, कामाचे नसतात. साधने शिकायची तर ती बनवणाऱ्या कंपन्यांचेच फुकट व्हिडिओ पुरतात. तुम्ही अकरा वर्षं ट्रान्सलेशन मेमरी (जुनी भाषांतरं साठवून पुन्हा सुचवणारं सॉफ्टवेअर) वापरताय, तुम्हाला नवीन सॉफ्टवेअर जड जाणार नाही.

शाळेच्या नोकरीत कमीपणा काही नाही. तरी लगेच धरू नका, कारण १६ हजारांत तुमचा सबंध दिवस जाईल आणि थेट गिऱ्हाईक शोधायला वेळच उरणार नाही. पण शाळेला ‘नाही’ही म्हणू नका, ‘जूनपासून चालेल का’ असं विचारा. स्वतःसाठी एक रेषा आखा. वसुली धरून नाही, फक्त नव्या कामाचे पैसे सलग तीन महिने १६ हजारांच्या खाली गेले, तर नोकरी धरायची आणि भाषांतर संध्याकाळी. हे मिस्टरांशी आत्ताच बोलून ठेवा, म्हणजे तेव्हा चर्चा नको, रडारड नको. अर्धा दिवस मिळत असेल तर मात्र आजच घ्या. तो सौदा वेगळा आहे.

सासूबाईंना दोष देऊ नका. बाई लॅपटॉपसमोर बसते, मध्येच कुकर लावते, दारावर कोण आलं ते बघते, याला काम म्हणतात हे त्यांनी कधी बघितलेलंच नाही. खोलीचं दार ११ ते २ बंद ठेवा आणि बेल वाजली तर उठू नका. पहिले काही दिवस कुरबूर होईल.

शेवटी अकाउंट्सला पाठवायच्या पत्राचा मसुदा देते. इंग्रजीत करून घ्या, तुमचंच काम आहे. सोबत सगळ्या बिलांचा तक्ता जोडा, त्यात बिल क्रमांक, पीओ क्रमांक, तारीख, रक्कम, किती दिवस उशीर. पीएमला सीसीत ठेवा. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी पाठवा आणि त्याच दुपारी फोन करा. माफी मागू नका, घरची अडचण सांगू नका, ‘कृपया’ एकदाच.

‘सोबत जोडलेल्या तक्त्याप्रमाणे माझ्या बिलांचे एकूण १,३८,००० रुपये येणे आहेत. सर्वांत जुन्या बिलाला सात महिने झाले. या सर्व कामांच्या फाइली आपण स्वीकारलेल्या आहेत आणि कोणत्याही कामाबद्दल तक्रार आलेली नाही. कृपया प्रत्येक बिलाची रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल ते येत्या सात दिवसांत लेखी कळवावे. माझी उद्यम नोंदणी झाली असून तिचा क्रमांक खाली दिला आहे. यापुढील बिलांना एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार ४५ दिवसांची मुदत लागू राहील. ४५ दिवसांहून जुनी रक्कम जमा झाल्यावर नवीन फाइली स्वीकारीन.’